अष्टमीच्या पाण्याचा नकाशा

लोक काशीला जाऊन येतात आणि लिहितात. मी कल्याणहून ठाण्याला गेले. आगगाडीने गेले असते तर तासाभरात पोचले असते आणि लिहिण्यासारखे काही झाले नसते. मी मालाच्या मचव्याने, खाडीतून गेले. आमच्या गल्लीतल्या बायका अजून विचारतात, एवढे झाले तरी काय? एकेकीला सांगत बसण्यापेक्षा लिहून ठेवते. मी मराठी तिसऱ्या पुस्तकापर्यंत शिकले आहे. या कामाला तेवढे पुरे.

आधी भट्टीचे सांगते, नाहीतर पुढचे कळणार नाही. कल्याणच्या बंदरावर, टेकाडावर, आमची चुन्याची भट्टी होती. शिंपले खाडीतून होडीने येत, लाकूड वरच्या रानातून नदीने येई, आणि भाजलेली कळी, म्हणजे न विझवलेला चुना, मचव्यात भरून जाई. सगळे पाण्याने येते आणि पाण्याने जाते, म्हणून भट्टी पाण्याजवळ. पण कळीला पाणी लागले की ती तापते, वाफ सोडते, शेजारी काही वाळलेले असेल तर ते पेटते. म्हणून टेकाडावर. एवढे समजले की आमचा धंदा समजला.

गेल्या कार्तिकात ठाण्याहून मोजणीदार आला आणि बंदराचा नवा नकाशा झाला. नवा धक्का, धक्क्यापासून स्टेशनापर्यंत मालाचा रस्ता, वखारी, आणि कोणत्या धंद्याने कुठे बसायचे ते. नकाशा चावडीत टांगला. पुरुष लांबून बघून माना डोलवत होते. मी जवळ जाऊन अक्षरे वाचली. टेकाडावर लिहिले होते, मालाचा रस्ता. टेकाडाच्या उतारावर, गवताच्या गंजी. आणि त्याच्या पायाशी नदीकाठची जी खालची पट्टी आहे, तिथे आधी 'पडीक' असे लिहून, ते खोडून, वर 'चुनाभट्ट्या' लिहिले होते.

त्या पट्टीवर उधाणाचे पाणी चढते. म्हणजे खाली कळी, वर गवत, आणि कळीवर नदी येणार.

मी पंचांना सांगितले. पंच म्हणाले, मोजणीदाराने भरतीची खूण भिंतीवर पाहिली, पट्टी तिच्यापेक्षा उंच आहे. मी म्हटले, कोणती खूण? तेव्हा काय झाले होते ते सगळ्यांच्या एकदमच लक्षात आले.

आमच्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ वाहून झाला की भरती पुरी व्हायची वाट पाहतात. पाणी जिथे थांबेल तिथे भट्टीवरची वडील बाई धक्क्याच्या जुन्या भिंतीवर बोटभर रुंद रेघ ओढते. कळी, गुळाचे पाणी आणि हिरड्याचा काढा असा घोटलेला चुना असतो, तो दगडासारखा होतो. सासूबाई ओढत, त्यांच्यामागे मी. नवी पडवी बांधायची तर त्या रेघा बघून जोते घ्यायचे, ही बंदराची रीत. पण मोजणीदार येणार म्हणून पंचांनी दिवाळीनंतर भिंत चांगली दिसावी असे ठरवले. भिंतीला दोन हात चुना फासला. चुना माझ्याच भट्टीचा. मी पाट्या मोजून दिल्या, आणि भिंत छान दिसते असे म्हणालेसुद्धा. रेघा गेल्या. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आले नाही. मोजणीदाराला पांढरी भिंत आणि खाली ओलीचा पट्टा दिसला. त्याने ओल मोजली.

चावडीवर नोटीस होती, की ज्याची हरकत असेल त्याने शुक्रवारी ठाण्याच्या कचेरीत हजर व्हावे. शनिवारी खुंट्या मारायच्या. खुंट्या मारल्या की सरकार उपटत नाही.

माझे दीर रामभाऊ, ज्यांच्या नावावर भट्टीचा कागद आहे, ते जायला तयार नव्हते.

"वहिनी, नवी जागा मिळते आहे. वर छपरीसुद्धा घालून देणार आहेत. तुम्ही तिथे जाऊन आग आग केलीत, तर साहेब म्हणेल, असला धंदा बंदरात हवाच कशाला. मग पट्टीही नाही आणि टेकाडही नाही."

मी म्हटले, "म्हणू दे."

म्हटले खरे, पण ते मनातून गेले नाही. भट्टीवर आठ घरे जेवतात.

बुधवार. कल्याण ते मुंब्र्याचा चिखल

ठाण्याला एका इमारतीसाठी मचवाभर कळी जायचीच होती. शिवाय वाटेतल्या खाडीकाठच्या लोकांचे अंगठे हरकतीच्या अर्जावर हवे होते. म्हणून मी त्याच मचव्यात बसले. रामभाऊ कुरकुरत बसले. मचव्याचा तांडेल धोंडू, आणि त्याच्याबरोबर त्याचा मेहुणा.

सकाळी ओहोट लागल्यावर निघालो. माघ वद्य अष्टमी होती. अष्टमीच्या सुमाराला भरती लहान असते, ओहोटही लहान. त्याला आम्ही भांगाचे पाणी म्हणतो. अमावास्या-पौर्णिमेला तेच पाणी दांडगे होते, ते उधाण. हे खाडीवरच्या पोरालाही ठाऊक असते.

डोंबिवली गेली. काठावर गवताचे पडाव भरत होते. एवढे गवत लादतात की नाव दिसत नाही, गंजच चालली आहे असे वाटते. मी तिथल्या एका गवतवाल्याकडे अंगठा मागितला. तो म्हणाला, "तुमच्या कळीच्या शेजारी मी माझी गंज ठेवीन होय? आणा इकडे." मग विचार करून म्हणाला, "पण आजी, तुमची भट्टीच काढून टाकली तर आमचे आणखी बरे." अंगठा दिला आणि हसला. रामभाऊंनी माझ्याकडे पाहिले. मी भाकरीचे फडके सोडले.

मुंब्र्याच्या अलीकडे खाडी मोठे वळण घेते. मध्ये एक अरुंद फाटा आहे, त्यातून गेले की वळण वाचते. रामभाऊंना घाई झाली होती.

"धोंडू, फाट्यातनं घाल."

"फाट्यान पानी नाय भाऊ. आज आठम हाय."

"एवढे दिसते आहे की पाणी."

"दिसतंय. मचव्याला दिसून काय उपेग?"

पण रामभाऊंनी तीनदा सांगितले, आणि मालकाने तीनदा सांगितल्यावर तांडेल वल्हे फिरवतो. मी नको म्हटले, ते कोणी ऐकले नाही. अर्ध्या वाटेत मचवा चिखलात बसला.

ओहोट अजून उतरत होती. पाणी जसे खाली गेले तसा मचवा एका कुशीवर कलला. धोंडूने दोन हात चिखलात घालून पाहिले आणि कपाळावर चिखलाचाच हात मारला. त्याचे म्हणणे असे, की पाणी दुपारनंतर परत येईल, पण मचवा कललेला आहे. तो उचलला जायच्या आधी पाणी कललेल्या बाजूच्या फटींतून आत शिरेल. आणि त्याच बाजूला कळीच्या पाट्या घसरून गोळा झाल्या होत्या.

रामभाऊ म्हणाले, "मग?"

"मग काय? पाट्या वर न्या. नायतर आपून शिजू."

चौघे लागलो. साठ वर्षांच्या बाईने पाट्या उचलायच्या नसतात, पण तिथे दुसरे कोण होते. कळी हाताला लागते, घामाने भिजते आणि चावते. मी लुगड्याचा पदर हातांना गुंडाळला. रामभाऊंनी काही गुंडाळले नाही. त्यांनी जन्मभर भट्टीची पत्रे लिहिली, पाटी कधी उचलली नव्हती. वरच्या अंगाने आगगाडी गेली, तिथे रूळ खाडीला अगदी लागून आहेत. खिडकीतून एक जण ओरडला, "आजी, उतरून चालत जा, लवकर पोचाल." गाडीतल्या माणसाला बाहेरचे सगळे गमतीचे दिसते.

पाणी परत आले तेव्हा तीन पाट्या खाली राहिल्या होत्या. पाणी फळीच्या फटीतून आले, बोटभर, काही आवाज न करता. पहिल्या पाटीला लागले आणि ती फुसफुसू लागली. मग वाफ. पाटीचे बांबू आमच्या डोळ्यांदेखत काळे पडले. खालची चटई कडेने लाल झाली आणि धुमसू लागली. वर आम्ही मचवाभर कळी रचून ठेवली होती.

धोंडूने वल्ह्याने एक पाटी बाहेर लोटली. मेहुण्याने दुसरी. तिसरी कोपऱ्यात अडकली. रामभाऊंनी ती हातांनी धरली आणि उचलून खाडीत टाकली. खाडीचे पाणी तिथे उकळले. चटई मी पायाने चिखलात तुडवली.

 मग धोंडू म्हणाला, "मासं शिजलं असतीन. कालवन घेव का?"

रामभाऊ हसले नाहीत. त्यांच्या उजव्या तळहाताची कातडी सुटली होती. कळीच्या भाजण्याला पाणी लावू नये. मी खोबरेल ओतले आणि चिंधी बांधली. ते हात बघत राहिले आणि एकदाच बोलले. "तीन पाट्या होत्या ना फक्त?"

"तीनच," मी म्हटले. "आणि पाणी अष्टमीचे."

गुरुवार. कळवा

बुधवारीच सांजवेळी मचवा सुटला आणि कळव्याला लागला. मुक्काम हिरूबाईकडे केला. ती मिठागर करते. तिची सासू आणि माझी सासू एकमेकींना कळी आणि मीठ देत घेत. जेवायला तांदळाची भाकरी आणि निवट्यांचे कालवण होते. निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारी मासळी. दिसायला वाईट, खायला चांगली. माणसांचे बरेचदा उलटे असते.

तिथली एक रीत सांगते. कळव्याला मिठागरात कोणी वहाण घालून जात नाही. मीठ म्हणजे लक्ष्मी. आमच्या भट्टीवर कोणी अनवाणी जात नाही. मी सवयीने वहाणा घालून बांधावर चढले, तर हिरूबाई ओरडली.

"ए बये, तुजी ती जाळायची जात हितं नको आनू. काढ पायातलं."

मी काढले. मीठ पायाला टोचते. तिच्या पायाला टोचत नाही.

सकाळी ती बांध तपासत होती. थंडीत फुटलेल्या जागी नव्या चिखलाने डागडुजी केली होती, पण पाणी कुठूनतरी झिरपत होते. तिने सुनेला हाक मारली आणि दोघींनी घागरींनी सगळा बांध भिजवला. मला कळेना. गळणाऱ्या बांधावर आणखी पाणी कशाला?

"बस आनि बग," ती म्हणाली.

बसलो. ऊन लागले. थोड्या वेळाने बांधाचा काही भाग फिकट पडला, काही काळाच राहिला.

"जुना बांध घट्ट, पानी पीत नाय. तो आदी सुकतंय. नवा चिखल पितंय, तो मागशी सुकतंय. दोगांच्या मदी जी शीव दिसते ना, थितनं गळतंय."

तिने त्या रेषेवर टाच मारली. पाय आत गेला. फट तिथेच होती.

मी उठून उभी राहिले. मला पांढरी भिंत दिसत होती. वर ताजा पातळ चुना, आणि खाली गुळाहिरड्यात घोटलेल्या, दगडासारख्या रेघा.

"रामभाऊ, रेघा आहेत अजून. भिंतीतच आहेत."

रामभाऊ म्हणाले, "असतील. पण ठाण्याला भिंत न्यायची कशी?"

हिरूबाईने अंगठा दिला. आधी विचारले, माझे नाव काय लिहिलेस? मी वाचून दाखवले. तिने दुसऱ्यांदा वाचायला लावले, मग अंगठा शाईत बुडवला. नारळी पुनवेचे पाणी अष्टमीच्या पाण्यावर किती चढते विचारले, तर तिने हात कमरेवर ठेवला. "बांध तेवढाच उंच बांदलाय. उगीच नाय चिखल वाहिला सासूनं."

भरती लागल्यावर खाडी ओलांडून ठाण्याच्या बंदराला लागलो. कळी उतरवली. तीन पाट्या कमी म्हणून मुकादमाने तोंड वाकडे केले. त्याला काय झाले ते सांगितल्यावर तो आणखी चार पावले मागे सरकला.

रात्रीला नौपाड्यात माझ्या वहिनीकडे गेलो. माझे माहेर ठाण्याचे. भाऊ गेला, वहिनी आहे. घरापुढे अजून भातशेती आहे, पण घरात चहा आला आहे. मला म्हणाली, चहा घेता का वन्सं? मी म्हटले, मला ताप नाही. कल्याणला चहा पडसे झाल्यावर पितात. ठाण्याला बऱ्या माणसालाही देतात. घेतला. वाईट नव्हता, पण झोप लागली नाही. झोप चहाने गेली की कचेरीने, ते मी ठरवलेले नाही.

शुक्रवार. कचेरी

कचेरीत दहा जणांच्या हरकती होत्या. नऊ जण माझ्या आधी गेले आणि प्रत्येक जण 'जशी सरकारची मर्जी' असे म्हणून बाहेर आला.  साहेब मराठी बोलत होता, पुस्तकातल्यासारखे, सगळी अक्षरे सुटी. शेजारी मोजणीदार, घाटावरचा ब्राह्मण, तरुण, कपडे स्वच्छ. माणूस उद्धट नव्हता. उद्धट असता तर सोपे गेले असते.

"आजीबाई," मोजणीदार म्हणाला, "भरतीची खूण मी स्वतः पाहिली आहे. भिंतीवर जिथपर्यंत ओल होती, त्याच्या वीतभर वर पट्टी आहे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहिलेले नाही."

"कोणत्या तिथीला पाहिली?"

त्याने वही उघडली आणि इंग्रजी महिन्याची तारीख सांगितली.

"तारीख मला कळत नाही. खाडीलाही कळत नाही. तिथी सांगा."

कारकून गालात हसले. साहेबाने त्यांच्याकडे पाहिल्यावर हसू थांबले. एका म्हाताऱ्या कारकुनाने दप्तराखालून पंचांग काढले, बोट फिरवले आणि हळू आवाजात म्हणाला, "कार्तिक वद्य अष्टमी, रावसाहेब."

मोजणीदाराने वही मिटली नाही. तिच्याकडेच बघत राहिला.

"अष्टमीला पाणी सगळ्यांत लहान असते," मी म्हटले. "तुम्ही खोटे लिहिलेले नाही. तुम्ही अष्टमीचा नकाशा काढला आहे. नारळी पौर्णिमेचा काढला असता तर पट्टी नदीत दिसली असती."

साहेबाने अर्जावरचे अंगठे पाहिले आणि पुरावा विचारला. मी रेघांचे सांगितले. मग रेघा कुठे आहेत विचारले. मी म्हटले, चुन्याखाली. चुना कोणी लावला? आमच्या पंचांनी. चुना कोणाचा? माझा. आता साहेबही हसला. मला राग आला नाही. मीही हसले असते.

मग साहेब हसायचा थांबला आणि म्हणाला, "बाई, तुमची कळी पाण्याने एवढी पेटत असेल, तर बंदरात तुमची भट्टी ठेवावीच का?"

रामभाऊंनी सांगितले होते तेच, शब्दाला शब्द. मला एवढेच म्हणायचे होते, की तसे फारसे काही होत नाही साहेब, आम्ही सांभाळतो. तेवढे म्हटले असते तर पट्टी मिळाली असती, छपरी मिळाली असती, आणि आठ घरे जेवत राहिली असती, एखाद्या श्रावणापर्यंत. उतारावर गंजी रचणारे हमाल गंजींच्या आडोशालाच झोपतात. त्यांतले दोघे माझ्या गल्लीतले. आणि ती चटई मी पायाने विझवली होती.

"धोक्याची आहे," मी म्हटले. "भट्टी टेकाडावर ठेवा, नाहीतर आणखी कुठे ठेवा. त्या पट्टीवर ठेवू नका."

 तेवढ्यात रामभाऊ पुढे झाले. मला वाटले, आता हे सावरायला जाणार, वहिनी म्हाताऱ्या आहेत असे काहीतरी म्हणणार. त्यांनी हाताची चिंधी सोडली आणि तळहात साहेबाच्या मेजावर ठेवला.

"तीन पाट्या," ते म्हणाले. "बोटभर पाणी."

साहेबाने हात बघितला आणि मान फिरवली. हुकूम असा झाला, की मोजणीदाराने उद्या खुंट्या मारायच्या आधी भिंत तपासावी. रेघा दिसल्या तर विचार होईल. दिसल्या नाहीत तर नकाशाप्रमाणे खुंट्या माराव्या.

शनिवार. परत कल्याण

सकाळच्या आगगाडीने आलो. मोजणीदार वरच्या वर्गात, आम्ही खालच्या. मुंब्र्याला मी खिडकीतून वाकून पाहिले. फाट्यातल्या चिखलात तीन पांढरे डाग होते. कोणी तिथे अडकले असते तर मीही ओरडून काहीतरी म्हणाले असते, असे वाटले. आगगाडीत बसल्यावर तसे होते.

बंदरावर सगळे गाव जमले होते. मोजणीदाराची माणसे खुंट्या आणि हातोडे घेऊन पट्टीवर जाऊन बसली होती. भट्टीवरच्या बायकांनी घागरींची रांग लावली आणि भिंत वरपासून खालपर्यंत भिजवली. सगळी करडी झाली. मग थांबलो.

पाण्याला वाळायला वेळ लागतो, पण त्या दिवशी लागला तसा कधी लागलेला मला आठवत नाही. पंच सावलीला जाऊन बसले. मोजणीदाराने घड्याळ दोनदा काढले. भिंत करडीच होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझ्या मनात आले, की कळव्याचा चिखल वेगळा आणि कल्याणचा चुना वेगळा. मी काल कचेरीत एका बांधाच्या जोरावर बोलले.

मोजणीदार म्हणाला, "आजीबाई, आता पुरे करू या."

"एक पान खाऊन होईपर्यंत थांबा."

"मी पान खात नाही."

"मग मी खाते. तुम्ही बघा."

पान लावताना माझे लक्ष भिंतीकडेच होते. चुना जास्त झाला आणि जीभ भाजली. तेवढ्यात रामभाऊ म्हणाले, "वहिनी."

भिंतीच्या मधोमध एक फिकट पट्टी उमटत होती. बोटभर रुंद. सरळ नव्हती, मध्ये डगमगली होती. शेवटच्या वर्षांत सासूबाईंचा हात कापत असे, त्या काळातली ती. मग तिच्याखाली दोन. मग वर एक, आणखी वर एक. करड्या भिंतीवर एकेक पांढरी रेघ सुकून वर येत होती. जमलेले लोक आपापल्या वर्षांच्या रेघा ओळखू लागले. ही आमच्या लग्नाच्या साली, ही विहीर कोसळली तेव्हाची. सगळ्यांत वरची माझ्या खांद्याइतकी होती. ती मी ओढलेली पहिली. त्या वर्षी माझे यजमान गेले आणि पाणी फार आले होते.

मोजणीदाराने सगळ्यांत वरच्या रेघेच्या उंचीला तिपाईवर दुर्बीण मांडली. त्याचा माणूस काठी घेऊन पट्टीवर उभा राहिला. मोजणीदार दुर्बिणीतून बघून म्हणाला, हात वर ने. आणखी वर. माणसाचा हात काठीवर सरकत गेला आणि त्याच्या कमरेवर थांबला. माणसाने खाली पाहिले आणि पट्टी सोडून टेकाडावर जाऊन उभा राहिला. नदी तेव्हा बरीच लांब होती.

"पट्टीवर भट्टी नाही," मोजणीदार म्हणाला.

पंच टाळ्या वाजवू लागले. मी विचारले, "मग कुठे? टेकाडावर?"

"टेकाडावर रस्ता आहे. रस्त्याला दुसरी उंच जागा नाही. पाणी एवढे चढते हे तुम्हीच दाखवले, आता टेकाड तर सुटायचेच नाही." त्याला हे म्हणायला बरे वाटत नव्हते, ते मला दिसले. त्याने नकाशा पसरला आणि बोट नदीच्या वरच्या अंगाला नेले. स्मशानाच्या पलीकडे एक उंचवटा आहे, तिथे थांबवले. "इथे पाणी चढत नाही. वस्ती नाही. गवतही नाही."

"काहीच नाही," रामभाऊ म्हणाले.

"गाडीवाट कुठे आहे?" मी विचारले.

"ती नकाशात नाही."

"मग काढा. शिंपले काय पिशाच्चे डोक्यावरून वाहणार?"

त्याने शिसपेन काढली आणि स्मशानाच्या कुंपणाबाहेरून एक रेघ ओढली. मी म्हटले, शाईने ओढा.  मग त्याने दौत मागवली.

पावसाच्या आधी आम्ही भट्टी हलवली. गाडीवाट अर्धीच झाली आहे. बैल अडतात, शिंपले उतरवायला दुप्पट माणसे लागतात, आणि आठातली दोन घरे भट्टी सोडून वखारीत हमालीला गेली. जाताना एकीने मला ऐकवले, की तुम्ही तोंड मिटले असते तर आम्ही अजून बंदरावर असतो. तिचे म्हणणे खोटे नाही.

श्रावणात नारळी पौर्णिमेला मी चालत बंदरावर गेले. टेकाडावर रस्त्याने गाड्या चालल्या होत्या, उतारावर गंजी होत्या, हमाल त्यांच्या आडोशाला निजले होते. खालच्या पट्टीवर पाणी होते. मी भिंतीवर रेघ ओढली. ती सगळ्यांत वरच्या रेघेच्या चार बोटे खाली आली.

येताना चावडीत गेले आणि नवा नकाशा पाहिला. पट्टीवरचे 'चुनाभट्ट्या' खोडले आहे आणि पुन्हा 'पडीक' लिहिले आहे. ते बरोबर आहे.